हजेरीचा रकाना

आठवड्याला वीस तास.
करारावर माझं पद इतकं लांब आहे
की ओळखपत्रावर ते दोन ओळींत मोडावं लागलं.
मार्लिस म्हणते, थोडक्यात, खुर्च्या मांडायच्या
आणि दार उघडं ठेवायचं.

गोठलेल्या सरोवराकाठचं विद्यापीठ. फेब्रुवारी.
उणे एकवीस.
नाकातला केस न् केस वेगळा कळतो.

मंगळवारी 'एक लांब टेबल'.
पत्रक मीच केलंय: सर्वांचं स्वागत.
'सर्वांचं' हा शब्द चौदा वेळा लहान-मोठा करून पाहिला,
कुठल्याच मापात पुरा बसेना.
हलालला हिरवी चिकटपट्टी, शेंगदाण्याला लाल.
होदानचा नमाज आटपेल म्हणून साडेसातची वेळ.
पा न्हियाला गोंगाट सोसत नाही, तिच्यासाठी कोपऱ्यात मंद दिवा.
खोली दोनशे चौदा. खुर्च्या एकोणीस,
विसावी जागा मोकळी:
डेझमंड आपली खुर्ची स्वतःच घेऊन येतो.

सात पस्तीस. खोलीत मी आणि सूप.
सुपावर साय धरतेय.

सात चाळीसला फोन, डेझमंडचा, खालून:
"लिफ्ट मेलीय. मी इथंच बरा आहे. तुम्ही जेवा."

तुम्ही जेवा.
हे वाक्य माझ्या ओळखीचं आहे.
पंगती उठवणाऱ्या गावातली मी,
पंगतीबाहेर कोण बसायचं तेही मला ठाऊक आहे,
आणि आमच्या घरचे तेव्हा कुठल्या बाजूला बसले होते
ते मी अर्जात लिहिलं नव्हतं.
अर्जात लिहिलं होतं, मला माणसांत काम करायला आवडतं.

मग टेबल खाली आणलं.
आणलं म्हणजे, रात्री फरशा पुसणाऱ्या व्हर्लिनने
पायऱ्यांवर टाकायच्या मिठाची बादली ठेवली
आणि एक टोक धरलं. दुसरं मी.
जिन्याच्या वळणावर माझं बोट चेंगरलं.
"हे तुझ्या कामात येतं का?"
"लिहिलेलं तरी नाही."
"माझ्याही नाही," म्हणाला,
आणि खुर्च्या आणायला परत वर गेला.

जिन्याखाली, शीतपेयांच्या यंत्राशेजारी.
दार उघडलं की वारा थेट मानेत.
दिव्याला प्लग नव्हता.
पा न्हिया आली, यंत्राची घरघर ऐकली,
कागदी पेल्यात सूप घेतलं
आणि हसून गेली.
तेवढं मला जमलं नाही.

होदान आली, मफलरवरचा बर्फ झटकत.
हॉकीच्या सरावावरून परतणारे दोघं नुसत्या वासाने थबकले,
डेझमंडने पायानं नव्हे, चाकानं बाक सरकवला: बसा.
आणि एलरी.

एलरीपाशी माझी भाषा अडखळते.
इंग्रजी निभावून नेते; मराठीत क्रियापदच अडवून विचारतं,
आला की आली?
रात्री फोनवर आईला सांगताना म्हटलं,
ते आले. दोन वाट्या सूप प्यायले.
"कोण, प्राध्यापक?"
नाही गं. एकोणीस वर्षांचे आहेत. खडकांचा अभ्यास करतात.
"मग एवढा मान?"
हो, म्हटलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
गॅस बारीक करून ती परत आली.
"बरं. पोटभर जेवले का?"

बुधवारी सकाळी मार्लिसचा तक्ता:
अपेक्षित उपस्थिती, वीस. प्रत्यक्ष?
डेझमंड, होदान, एलरी, हॉकीवाले दोन,
पा न्हिया, चार मिनिटं.
व्हर्लिन विद्यार्थी नाही, त्याला धरायचं की नाही
याची तळटीप कुठेच सापडत नाही.
मी सात लिहिते.
शेऱ्याच्या रकान्यात: लिफ्ट.
खाली जागा उरते.
तिथे पुन्हा: लिफ्ट.